साळिंदराच्या दाराआड

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. जुना म्हटल्याबरोबर रद्दी आठवली ना? तिथेच चुकता तुम्ही! माझ्या खालच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहिलंय, '५० पैकी १७', आणि शेजारी चित्रकार बाईंची सही आहे. म्हणजे माझ्यासारखे जगात पन्नासच. एकावन्नावा शोधून दाखवा!

बाईंनी तरुणपणी मुलांच्या एका गोष्टीसाठी बारा चित्रं लाकडावर कोरली होती. पुस्तक निघालं, मुलांनी ते चिंध्या होईपर्यंत वाचलं आणि मग ते कुठे मिळेनासं झालं. बाई म्हाताऱ्या झाल्यावर त्यांच्या माळ्यावर ते लाकडी ठसे सापडले. छपाईवाल्या काकांनी ठरवलं, हातयंत्रावर प्रत्येक चित्राच्या पन्नासच प्रती काढायच्या आणि मग ठशावर छिन्नीने आडवी रेघ मारायची, म्हणजे पुन्हा कुणी छापायला नको. आमच्या ठशावर ती रेघ मारली तेव्हा मी दोरीवर वाळत होतो. कसंसंच झालं हो मला.

मी सातवं चित्र. माझ्यात एक साळिंदर जिना चढून वर आलंय. एका हातात कंदील, एक पाय उचललेला, समोर अर्धवट उघडं दार. आत काय आहे ते आठव्या चित्रात. आणि नेमका आठवा ठसाच छापायच्या आदल्या दिवशी मधोमध तडकला! बाराच्या जागी अकराच चित्रं विक्रीला गेली. माझं नाक पहिल्यापासून दुसऱ्यांच्या भानगडीत, आणि माझ्याच चित्राची गोष्ट मला अर्धी माहीत. चिडचिड होणार नाही तर काय?

अकराच्या अकरा चित्रं एका बाईंनी घेतली. सगळे त्यांना आत्याच म्हणायचे. नकाशे काढायच्या कचेरीत त्यांचा जन्म गेला होता. नदीची रेघ केसभर सरकली तरी त्यांना खपायची नाही. लहानपणी त्यांनी हीच गोष्ट वाचनालयातून आणली होती आणि त्यातलं आठव्या चित्राचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. तेव्हापासून त्या दाराने त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली, चित्रं जमवणाऱ्यांना पत्रं लिहिली. सगळीकडून एकच उत्तर, पुस्तक आता कुठे उरलं नाही आणि आठव्याच्या प्रती निघाल्याच नाहीत.

"आत्या, काय असेल गं आत?" त्यांची भाची विचारायची.

"ते कळलं असतं तर एवढा खटाटोप केला असता का, बाई?"

घरात माझं कौतुक फार. पाहुणा आला की आधी मला दाखवायचे, मग पाणी विचारायचे. पण पुढे सगळ्यांना माझी सवय झाली. खिडकीतलं ऊन रोज तासभर माझ्यावर पडायचं, पडदा ओढायचं कुणाला सुचलं नाही. चौकटीत माझ्यामागे बसवलेला पुठ्ठाही हलक्या प्रतीचा होता. माझ्या कडेला तपकिरी ठिपके उमटू लागले.

त्याच सुमारास आत्यांना ओळी वाकड्या दिसू लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होतोय. वर्षभरात बारीकसारीक काही दिसणार नाही. घरी आल्यावर त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"नकाशे पुष्कळ पाहिले गं," त्या भाचीला म्हणाल्या. "हे दार तेवढं राहिलं."

भाचीचे डोळे भरून आले. तिला माझे ठिपके दिसले आणि निदान हे एक चित्र तरी नीट करून आणू म्हणून ती मला आणि आत्यांना घेऊन चौकटवाल्यांकडे गेली. चौकटवाल्यांनी खिळे काढले, पुठ्ठा अलगद सोडवला आणि मला उलटं केलं.

"ताई, याच्या पाठीवर पण चित्र आहे."

"काहीतरीच काय!" भाची म्हणाली.

"अहो, खरंच! ठसा हाती आला की छपाईवाले आधी एका कागदावर छाप मारून बघतात. तो कागद चुकून कोऱ्या गठ्ठ्यात गेला असणार. उलटून कोण बघतंय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्राखाली मला दोनदा दाबलं होतं, एकदा आठवा ठसा तडकायच्या आधी आणि मग सातव्याच्या वेळी. मला वाटलं, सगळ्यांनाच दोनदा दाबतात!

भाची ओरडली, "आत्या, दाराच्या आतली खोली! आणि त्यात..."

"गप्प! एक अक्षर बोलू नकोस. माझं मी बघणार."

समोरून बघितलं तर त्यांना मधोमध नुसता धुरकट डाग दिसत होता. त्यांनी मान वळवली आणि डोळ्याच्या कडेने बघू लागल्या. नकाशा तपासावा तसं कोपऱ्याकोपऱ्याने सरकत गेल्या. आणि मी? माझीच पाठ, मला कशी दिसणार! मनात म्हणत होतो, बोला ना हो आत्या, जीव टांगणीला लागलाय!

आत्या एकदम हसत सुटल्या. हसता हसता रडू लागल्या.

"अगंबाई! उंदीर आहे! एवढुसा! टेबलाखाली बसलाय, डोक्यावर पातेलं पालथं घालून. बाहेर कोण आलंय म्हणून थरथर कापतोय बिचारा!"

मित्रांनो, तुमच्या भिंतीवर एखादं जुनं चित्र असेल तर त्याला उन्हात टांगू नका, पाठीला डिंक लावू नका, चांगला पुठ्ठा द्या. आणि वर्षातून एकदा खाली काढून त्याची पाठ बघा. त्याला स्वतःला ती बघता येत नाही.

चौकटवाल्यांनी मला दोन्हीकडून काच बसवली आणि भिंतीवर बिजागरीने लावलं. आता मी दारासारखा उघडतो. आत्यांना आता मी दिसत नाही. तरी त्या रोज सकाळी चाचपडत येतात, काचेवर बोट टेकवतात आणि साळिंदराला सांगतात, "जा रे आत. घाबरू नकोस. तो तुझ्याहून जास्त घाबरलाय."