जनाबाईच्या भिंतीवरचं विमान

अरे थांबा, चहा नंतर मागवा, आधी ऐका. माझं डोकं अजून जागेवर नाहीये. आमच्या बबनदादाने पालेगावात एक विमान काढलं आणि त्या विमानापायी एका म्हातारीचं शेत जायला निघालं होतं. खरं सांगतेय. हसू नको ना तू.

बबनदादा, माझा मोठा भाऊ, भिंती रंगवतो ते तुम्हाला माहितीये. बिडी, दंतमंजन, बनियन, खताची गोणी, उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत रस्त्याकडेला जे काय दिसतं त्यातलं अर्धं त्याच्या हातचं. त्याची सिस्टिम सोपी आहे. घरवाल्याने रस्त्याकडची एक भिंत द्यायची, बदल्यात दादा आख्ख्या घराला फुकट चुना मारून देणार. दोघं खूश.

तर त्याच्याकडे मुंबईहून एक एजन्सीवाला आला. गॉगल, पांढरे बूट, आणि त्या बुटांवर आमच्या रस्त्यांचा चिखल. म्हणाला, भिंत पाहिजे, गावातली, मातीची असली तर बेस्टच, आजूबाजूला शेती पाहिजे. दादाने विचारलं, माल काय? तर म्हणे विमान. दादाला वाटलं विमानछाप काड्यापेटी असेल. तर नाही, खरंखुरं विमान. परदेशातली कंपनी आहे, विमानं बनवते, तिची जाहिरात.

रात्री दादाने जेवताना सांगितलं तर आमचे सगळ्यांचे हात ताटातच राहिले. पप्पा म्हणाले, पालेगावात माणूस सायकल घ्यायला वर्षभर विचार करतो, तिथे विमान कोण घेणार रे? दादा म्हणाला, आपल्याला काय, आपण रंग लावायचा.

भिंत मिळाली जनाबाईची. जनाबाई म्हणजे ती नाही का, स्टेशनच्या वेस्टला आमच्या गल्लीत माळव्याची टोपली घेऊन येते, वांगी उचलून दाखवते आणि म्हणते, कापून बघ गो, किडा निघाला तर माझी टोपली तुझी. नवरा गेला, मूलबाळ नाही, घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे तिचं शेत. तेवढंच तिचं. त्याच्यावरच ती जगते.

दादाने विमान असलं काढलं ना, मी स्वतः बघायला गेले. दाराच्या या टोकापासून गोठ्यापर्यंत. पोट पांढरं, शेपूट निळी, खाली कंपनीचं नाव इंग्लिशमध्ये, बाकी एक अक्षर नाही. जनाबाईचा पुतण्या मधू तिथेच दिवसभर उकिडवा बसून बघत होता. जमिनींची दलाली करतो तो, पालेगावात सोसायट्या व्हायला लागल्यापासून. दादाला चहा पाजला, एजन्सी कुठली, रंग किती टिकणार, सगळं विचारलं. दादा त्याला बोलला पण, काकूला सांग एक विमान घेऊन टाक, हप्त्याने. दोघं जाम हसले.

हे लक्षात ठेवा हां, मधू हसला होता.

मग जनाबाई आमच्याकडे यायचीच बंद झाली. मम्मी म्हणाली आजारी असेल. पण परवा आली, टोपली रिकामी, आणि दारातच बसली. म्हणाली, आता भाजी नाय मिळायची, शेत मधूला लिहून देतेय, उद्या उल्हासनगरला रजिस्टर ऑफिसात अंगठा. मम्मीच्या हातातून गाळणी पडली. मी विचारलं, का पण? तर माझ्याकडे असं बघितलं तिने, जसं काय मलाच अक्कल नाही.

"भिंतीला रंग लागला का जमीन जाते, बाय," ती बोलली. "मना नको शिकवू."

आणि मग तिने सांगितलं. इंग्रजांच्या लढाईच्या टायमाला नेवाळीकडे विमानांची धावपट्टी झाली, तेव्हा तिच्या सासऱ्याच्या घरावर आधी चुन्याने आकडा पडला होता. मग मोजणीवाले आले, मग तिकडचं शेत गेलं. जांभूळला पाण्याचं काम निघालं तेव्हा तिच्या माहेरच्या भिंतीवर लाल पट्टा. तिथेही तेच. आधी रंग, मग माणसं. आता तर आकडा पण नाही, पट्टा पण नाही, डायरेक्ट विमान. म्हणजे विमानतळ येणार, यात विचारायचं काय? आख्खं गाव हेच बोलत होतं. मधूने तिला सांगितलेलं, काकू, सरकार घेईल तेव्हा तू कुठे कोर्टात फिरणार, माझ्या नावावर कर, मी भांडतो.

मी म्हटलं, जनाबाई, ती जाहिरात आहे, दादाने काढलीय. तर ती म्हणाली, जाहिरात तर मग विकणार कोणाला? सांग. मना? म्हशीला?

एफवायला इकॉनॉमिक्स आहे माझं, डिमांड, सप्लाय, सगळं पाठ. पण जनाबाईला विमान का दाखवायचं, ते कुठल्या चॅप्टरमध्ये आहे?

दादा संध्याकाळी आला, ऐकलं आणि चप्पल पण न काढता उलटा फिरला. नाक्यावरच्या बूथवरून एजन्सीला फोन लावला. तर तिकडून सांगितलं, साहेब उद्या सकाळी स्वतः येतायत, फोटोग्राफर घेऊन.

सकाळी आम्ही दोघं पोचलो तर दारात मधूची रिक्षा उभी. जनाबाई नवीन लुगडं नेसून तयार. आणि त्याच वेळेला एजन्सीवाल्याची गाडी आली. त्याने जनाबाईला बघितलं आणि काय म्हणावं? दादाला म्हणे, बरं झालं, फोटोला घरातली बाई पाहिजेच होती. पण हे लुगडं नको, रोजचं नेसायला सांग. डोक्यावर टोपली, आणि विमानाकडे वर बघायचं.

मी मध्ये घुसले. म्हटलं, सर, एक मिनिट. या गावात विमान कोण घेणार आहे? इथे विमानतळ येतोय का?

तो हसला. वाईट नाही हसला, म्हणजे आपण लहान मुलीला हसतो ना, तसं.

"विमानतळ कुठला? अगं, विमान घेणारे आख्ख्या देशात चार-पाच साहेब. त्यांना भेटायला कंपनीची माणसं ऑफिसात जातात, त्यांना भिंत कशाला? ही भिंत फोटोसाठी. मोठ्या मासिकात दोन पानं येणार. खेड्यातली म्हातारी आणि आपलं विमान. उद्या कोणी ओरडलं की गरीब देशाला एवढी महाग विमानं कशाला, तर त्या साहेबांना हा फोटो आठवला पाहिजे. त्यांना वाटलं पाहिजे की हिलासुद्धा हवंय."

म्हणजे इतके दिवस मी विचार करत होते जाहिरात कोणाला दाखवतायत. आणि इथे जनाबाईच जाहिरात होती. विमान काय, ते कुठेही काढलं असतं.

दादा एकदम मधूकडे वळला. म्हणाला, तुला तर माहीत होतं. तू एजन्सीचं नाव विचारलंस, रंग किती टिकणार विचारलंस. आपण हसलो यावर. मधू रिक्षावाल्याला म्हणाला, इंजिन चालू ठेव.

जनाबाई तिथेच उभी. हिंदी-इंग्लिशची काही अडचण नव्हती, एजन्सीवाला मराठीतच बोलला होता, सगळं समजलं होतं तिला. तरी तिने विचारलं.

"म्हंजे मोजणीवाले येनार नाय?"

"कोणी नाही येणार, आजी. पावसाळ्यानंतर रंगसुद्धा नाही राहणार."

ती मधूजवळ गेली. मला वाटलं थोबाडीत देते. पण तिने फक्त रिक्षातली तिची पिशवी उचलली, आत भाकरी होती बांधलेली, रजिस्टर ऑफिसात उशीर होईल म्हणून दोघांसाठी. त्यातली एक भाकरी काढून त्याच्या हातात ठेवली. म्हणाली, जा, उन्हाचा बसू नको. बस. त्याला वर बघताच येईना. रिक्षा गेली.

एजन्सीवाला घड्याळ बघत होता. त्याला काय, त्याला फोटो पाहिजे. जनाबाई म्हणाली, काढ. बबनने रंग लावलाय, त्याचं काम फुकट नको जायला. पण लुगडं नाही बदललं. टोपली घेतली डोक्यावर, भिंतीपाशी उभी राहिली. फोटोग्राफर ओरडतोय, आजी, वर बघा, विमान, विमान. ती काही वर बघेना. सरळ समोर बघत होती, रस्त्यापलीकडे. पाण्याचा पाट कुठेतरी फुटला होता आणि वांग्यांच्या वाफ्यात पाणी साचत होतं.

शेवटी तिने टोपली खाली ठेवली, लुगडं वर खोचलं आणि पाट बांधायला निघून गेली. फोटोग्राफरने तेवढ्यात काय काढलं असेल ते असेल. विमान असेल त्यात, आणि खाली ठेवलेली तिची टोपली.