वाकलेले शेंडे

जुलैमध्ये ऑरेस्टच्या लागवडीतल्या स्प्रूसच्या सूचीपर्णी झाडांचे शेंडे छत्रीच्या मुठीसारखे वाकले आणि तांबडे पडले. तेही नेमके उंच, जाडजूड झाडांचे. शेजारची खुरटी झाडं मात्र हिरवीगार.

"हे गॉर्डीचंच काम," तो बायकोला म्हणाला. शेजारचा गॉर्डी हिवाळ्यात बर्फावरची गाडी घेऊन या रानातून जायचा. तशी मुभा ऑरेस्टनेच दिली होती.

"गाडीनं मोडायची तर बारकी झाडं आधी मोडली असती," डार्लीन म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. रविवारी गावच्या हॉलमध्ये पॅनकेकची न्याहारी चालू होती. सगळ्यांदेखत तो गॉर्डीवर घसरला, "माझी झाडं एवढी वाढली, ते बघवेना होय? शेंडे मोडतोस?"

गॉर्डीच्या हातात सिरपचा जग होता. "ही झाडं लावताना मीही तुझ्याबरोबर कंबर मोडून घेतली होती, ऑरेस्ट," एवढंच बोलून त्यानं जग ठेवला आणि तो निघून गेला.

घरी येऊन ऑरेस्टनं पुरावा म्हणून एक शेंडा कापला. साल सोलली तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"सोंड्या भुंगा," वनखात्यातल्या बाई फोनवर म्हणाल्या. "लांब, जाड शेंडा बघून अंडी घालतो. बारक्या शेंड्याच्या सालीत अळ्यांचं पोट भरत नाही. झाडं उघड्या उन्हात आहेत का?"

होती. स्प्रूस जोमानं वाढावेत म्हणून मधले सावली देणारे बर्च वृक्ष त्यानंच तोडले होते, आणि त्या वाढीची फुशारकी हॉलमध्ये मारली होती. त्याचे कान तापले.

तो गॉर्डीकडे गेला. गॉर्डी गवत कापायचं यंत्र दुरुस्त करत त्याखाली आडवा होता. तो बाहेर आला नाही.

"चुकलो रे मी. कीड निघाली."

"मी मोडले नाहीत हे मला ठाऊकच होतं. ज्यांच्यासमोर बोललास त्यांना सांग."

पुढच्या रविवारी हॉलमध्ये त्यानं उभं राहून, बर्च तोडल्यासकट सगळं अडखळत सांगितलं.

"म्हणजे गाडी नाही, तुझीच कुऱ्हाड नडली म्हण की!" म्हातारा लाइल म्हणाला. लोक हसले. गॉर्डी आला नव्हता.

भुंगे बाहेर पडण्याआधी ऑरेस्ट किडके शेंडे कापून जाळू लागला. एके सकाळी रस्त्यावर गॉर्डीचा ट्रक मंदावला. गॉर्डीनं हात वर केला. ऑरेस्टचे दोन्ही हात रिकामे होते, तरी नजर चुकवून तो खाली वाकला आणि ट्रक जाईपर्यंत उगाच फांद्या गोळा करत राहिला.