पिंकीचं नाव

भिंतीतून उपटलेली केबल ओवीने हाताभोवती गुंडाळली आणि मुद्दामच सुखदाच्या बुटांवर धप्पकन टाकली.

"अगं, लागलं ना!"

"सॉरी हं. तुझ्या स्क्रीनला नाही ना लागलं?"

दोघीही नववीतल्या. कालपर्यंत शाळेतले सगळे टीव्ही ओवीचे होते. लायब्ररीतल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला केबलने जोडलेले. वाढदिवसांची नावं चढवायला तिला प्रार्थनेआधी येऊन बसावं लागायचं, आणि जिन्याजवळचा टीव्ही तर चापट मारल्याशिवाय जागाच व्हायचा नाही. आता देणगीतून चकचकीत स्क्रीन आले होते आणि साधना मॅडमनी त्यांचा पासवर्ड दिला होता सुखदाला. सुखदाला! जिला पेनड्राइव्हसुद्धा कधी पहिल्या फटक्यात लावता आला नव्हता.

"आता टाइप करायची कटकटच नाही," सुखदा फोन नाचवत म्हणाली. "रजिस्टरातून नावं आपोआप येतात."

ओवी काही बोलणार तेवढ्यात तिला जिन्याखाली तिसरीतली पिंकी दिसली. रंगीत फ्रॉक, हातात चॉकलेटची पिशवी, मान वर. तिचे बाबा बीडहून चाकणच्या कंपनीत आलेले. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठोकून दिलेली, एक जून. तिच्या अर्ध्या वर्गाची तीच. म्हणून तर ओवी दरवर्षी वर्गावर्गात जाऊन खरा वाढदिवस विचारायची. एक जूनला शाळा असते कुठे?

ओवीला मनातून हसूच आलं. आता पिंकी रडेल. मग मॅडम विचारतील. मग कळेल सगळ्यांना, हे नवे स्क्रीन किती बिनडोक आहेत ते.

"ताई, माझं नाव कवा येणार?" पिंकीने विचारलं.

ओवीने नुसतं जिन्याजवळच्या नव्या स्क्रीनकडे बोट दाखवलं.

वर फुगे उडाले, चमचमती अक्षरं उमटली. पिंकीने बोट हवेत फिरवत एकेक शब्द वाचला. 'आज कोणाचाही वाढदिवस नाही.' तिने पुन्हा वाचलं. मग चॉकलेटची पिशवी हळूच पाठीमागे लपवली.

ओवीने केबल पायाने बाजूला सारली.

"फोन दे."

"का?"

"दे गं! हिचा वाढदिवस आजच आहे. रजिस्टरातली तारीख खोटी आहे."

सुखदाने मुकाट्याने फोन दिला. ओवीने नाव लिहिलं, बटण दाबलं. बोट उचलायच्या आत सगळीकडे पिंकी झळकली. जिन्याजवळसुद्धा. चापट न मारता.

ओवीने फोन परत केला. पिंकी किंचाळत आली आणि फोनवालीच्या कमरेला बिलगली.

"थँक्यू, सुखदाताई!"

"अगं, मी नाही, ही..."

"चॉकलेट घे की आधी," ओवी म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

"ओवी, बाकीच्यांच्या खऱ्या तारखा देशील मला?"

"बघू."

वर जाता जाता तिने जिन्याजवळच्या नव्या स्क्रीनला एक चापट मारली. जरा जोरातच.