गोळी कशाची

हजराबीने धावत्या रिक्षातच सुनेची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं.

"जीभ काढ."

हीनाने काढली. जिभेवर काही नव्हतं, ओठही सुजलेले नव्हते. तरी हीनाचा हात गळ्यावरून हलेना. रिक्षा शेजारघरचा इसाक चालवत होता; हजराबीने पुढे वाकून त्याला ती जोरात घ्यायला सांगितलं. घाटनांदूर केव्हाच मागे पडलं होतं, पण अंबाजोगाईच्या दवाखान्याचा रस्ता आज संपता संपत नव्हता.

जेवण झाल्यावर हीनाने नवी गोळी घेतली होती. बाळाच्या मेंदूसाठी म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली, आणि हजराबीनेच मेडिकलमधून आणलेली. गोळी पोटात गेल्यावर हीनाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मेडिकलवाल्याने ते कापूनच दिलं होतं. वाचता येत होतं ते 'ओमेगा थ्री' एवढंच. ते मासळीच्या तेलात असतं, हे तिला ठाऊक होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. मेडिकलवाला फोन उचलत नव्हता.

लहानपणी मासळी खाऊन हीनाचा घसा आवळला होता, जीव जाता जाता वाचला होता. हजराबीला ते कधी पटलं नव्हतं. सून मासळीच्या भांड्यालाही हात लावत नाही, हे नखरे आहेत, असं ती मुलाला, शेजारणींना, एकदा तर डॉक्टरांसमोरही बोलली होती. आता तिची नजर हीनाच्या ओठांवरून ढळत नव्हती. सातवा महिना होता. श्वास घेताना हीनाच्या गळ्याची शीर ताणली जायची, तशी हजराबीची बोटं तिच्या मनगटात रुतायची.

डॉक्टर यशोधराबाईंनी नाडी पाहिली, छाती तपासली, मग पाकीट हातात घेतलं.

"ही मासळीची नाही. हे तेल समुद्रातल्या शेवाळापासून काढतात. माशांनाही ते तिथूनच मिळतं. तुम्ही त्रास सांगितला होता, म्हणून मुद्दाम हीच लिहिली."

तरी त्यांनी हीनाला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं, पुन्हा तपासलं आणि मगच सोडलं.

पायऱ्या उतरताना हीनाची मान खाली होती.

"अम्मी, गळा खरंच आवळल्यावानी झालता," ती हळूच म्हणाली. "आता समदे म्हनतील, नाटक केलं."

हजराबीने सुनेला आधार देऊन रिक्षात बसवलं. इसाकने मागे वळून विचारलं, मासळीचीच निघाली का गोळी?

"न्हाई, शेवाळाची हाय," हजराबी म्हणाली. ओढणी सावरत ती हीनाच्या अगदी जवळ सरकली. "पर मासळी सोसत न्हाई तिला. गळा आवळतो. म्या बघितलंय."