पायाळूची लाथ

कापूस मातीमोल झाला त्या सालांत मुकुटबनच्या रस्त्यानं यवतमाळच्या साहेबांच्या गाड्या फार धावू लागल्या होत्या. गावात कुणी मेला की कागदावर कारण ठरलेलं: दारू. सायकली दुरुस्त करणारा उकंडा अशाच एका, कमलाकर नावाच्या साहेबाच्या गाडीखाली गेला, तेव्हा साहेबानंही तेच लिहून दिलं. ज्यानं विहारात पंचशील घेतल्यापासून दारूचा थेंब शिवला नाही, त्याला मेल्यावर दारुडा केलं! उकंड्याची बायको इंदूबाई तेव्हा पोलीस ठाण्याच्या कोपऱ्यात उभी होती. साहेबानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं मात्र त्याला नीट पाहून ठेवलं.

त्याच धडकेत हिसका बसून साहेबाची मान धरली. वर्ष झालं तरी गळ्याचा पट्टा सुटेना. नागपूरच्या एका डॉक्टरानं मान कडाकड वाजवून पाहिली, शेक झाले, मालिश झाली. मान तसूभर वळेना. मग कुणी म्हणालं, मुकुटबनला एक पायाळू बाई आहे. पायांकडून जन्मलेल्या माणसाची लाथ बसली की धरलेली मान सुटते म्हणे. साहेब शिकलासवरलेला खरा, पण दुखणं अक्कल गहाण टाकायला लावतं. आला मुकाट्यानं.

"पायाळू बाई कुठं राहते?" त्यानं नेमकं इंदूबाईच्याच दारात विचारलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती गोड हसली. "मीच थे. बसा."

शेजारच्या पोलीस पाटील भीमराजला तिनं हाक मारून ओट्यावर बसवलं. मग साहेबाला अंगणात, भर उन्हात, पाठमोरं मांडी घालायला लावलं.

"दुखनं कसं लागलं थे खरं सांगा. खोटं बोलसान तं लात उलटते, मान जलमभर वाकडी राह्यते."

"एक सायकलवाला आडवा आला. प्यायलेला होता."

"पाहा बरं."

साहेब घुटमळला. मानेत कळ आली. "नव्हता प्यायलेला. तो आपल्या बाजूनं चालला होता. मी फोनवर बोलत होतो."

"आयकलं का, पाटील?"

"आयकलं. लिवूनबी घेतलं," भीमराज म्हणाला.

मग इंदूबाईनं पदर खोचला आणि साहेबाच्या पाठीत अशी सणसणीत लाथ घातली की तो तोंडावर आपटला. काय सुख वाटलं तिला! वर्षभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

"अजून दुखतंय," साहेब माती पुसत कण्हला.

"दुखनच. पायाळू माही जाऊ होती, मोतीबाई. थे पोळ्याले वारली. मी तं डोक्याकडूनच जलमली."

"मग तू कोण?"

"त्या सायकलवाल्याची बायको."

मान वळत नव्हती, म्हणून साहेबाला सगळं अंग फिरवून तिच्याकडे पाहावं लागलं.

"दारू पियाची नाही, हे पाचवं शील. माह्या मालकानं थे मरेपर्यंत पाळलं," ती म्हणाली. "खोटं बोलाचं नाही, हे चौथं. थे आज मी मोडलं, त्याच्यासाठी."