अर्ध्या पेराचं पाणी

मला स्वस्थ बसता येत नाही, मित्रांनो. माझ्या बुडाला एका बाजूनं पोचा आला आहे, त्यामुळे चुलीवर ठेवलं की मी डुगडुगतो आणि खाली उतरवलं तरी डुगडुगतोच. पाणी उकळू लागलं की झाकणाची थडथड सुरू होते. "आला ह्याला पुन्हा ताप," असं मनांग फ्रासिंग म्हणते. मनांग म्हणजे थोरली ताई, सारा गाव तिला तशीच हाक मारतो. मी तिच्या खानावळीतला भाताचा जुना टोप आहे. फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावर, भातखाचरांमधून जाणाऱ्या बसरस्त्यावर ही खानावळ आहे. गेली एकतीस वर्षं मी तिथे दिवसातून दोनदा तापतो.

माझा जन्म ओतशाळेतला. कुणाची फुटकी किटली, कुणाच्या मोटारीचा तुकडा, असं भंगार वितळवून मला ओतलं. त्यामुळे घराण्याचा तोरा मिरवावा असं माझ्याजवळ काही नाही. कान मात्र भक्कम मिळाले. फ्रासिंगच्या आईनं मला घेताना टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाली, "हा टिकेल." तिचा शब्द मी खरा केला.

पहिली वीस वर्षं माझ्या पोटात एकच तांदूळ शिजला. फ्रासिंगचा धाकटा भाऊ गाविनो याच्या शेतातला. शेत खानावळीच्या मागेच, हाकेच्या अंतरावर. भात कापलं, रस्त्याच्या कडेला वाळवलं, गिरणीतून आणलं की पोतं सरळ चुलीपाशी यायचं. जाडसर, आखूड दाणा. त्यात कण्या असायच्या, क्वचित खडाही. खडा लागला की ट्रकवाले ओरडायचे, "मनांग, आता दात तुझाच काढून दे!" पण वाफेचा वास सुटला की तेच ट्रकवाले गाडी बाजूला घेऊन आत शिरायचे. बुडाशी लागलेल्या तांबूस खरवडीसाठी तर भांडणं व्हायची. खरं सांगतो, तेव्हा मला गर्व झाला होता.

मग बंदरातून परदेशी तांदूळ आला. पोत्यावर सोनेरी चित्र, आत लांब, पांढराशुभ्र, एकसारखा दाणा. खडा औषधालाही नाही. तो फुगायचाही भरपूर, तेवढ्याच मापात चार ताटं जास्त निघायची. फ्रासिंगनं तो घेतला. तिला मी दोष देत नाही. तिला खानावळ चालवायची होती आणि दारी येणाऱ्या मजुराला पोटभर जेवायचं होतं. त्या तांदळावरही माझा राग नाही. तिकडेही कुणीतरी पोटरीभर चिखलात वाकूनच तो लावला असणार. पण गोदामात पडून पडून त्याचा वास उडालेला असायचा, म्हणून फ्रासिंग एका वासाच्या हिरव्या पानाची गाठ मारून माझ्यात टाकायची. उसना वास! मला कसंतरीच व्हायचं.

आता एक गोष्ट नीट ऐका. आमच्याकडे भाताचं पाणी भांड्यानं मोजत नाहीत. तांदूळ धुवायचा, हातानं सपाट करायचा, त्यावर मधलं बोट उभं टेकवायचं आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत आलं की थांबायचं. फ्रासिंगच्या बोटाची गावात ख्याती होती. साठवणीतल्या परदेशी तांदळाला अख्खं पेर लागतं. गाविनोच्या नव्या तांदळात मुळातच ओलावा असतो, त्याला अर्धं पेर पुरतं. फ्रासिंगला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण अकरा वर्षं त्या बोटाला अख्ख्या पेराचीच सवय लागली होती.

इकडे गाविनोच्या घरात नव्या तांदळाची पोती आढ्याला टेकली. गिरणीवाला नको म्हणे, बाजारवाला बघू म्हणे. एका सकाळी तो खानावळीत येऊन बसला.

"मनांग, तो पेट्रोल पंपवाला शेत मागतोय. देऊन टाकतो."

"आणि तू काय करणार? नळी धरून उभा राहणार?"

"भाताला तर कुणी विचारत नाही."

"बहिणीनंसुद्धा विचारलं नाही, असं म्हण ना सरळ!"

"मी कुठं म्हटलं?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या. वाचता येतं मला."

बोलली खरी, पण तिच्या मनाला ते लागलं. हातातला डाव टाकून ती तशीच गावच्या प्रमुखांकडे गेली. त्यांना सगळे कप्तान म्हणतात. ग्रामदेवतेसारखा मान असलेल्या संताचा उत्सव तोंडावर आला होता. गावजेवणाला गाविनोचाच तांदूळ शिजवायचा, लोकांना आवडला तर शाळेतल्या मुलांच्या जेवणासाठी गावच्या शेतकऱ्यांचाच तांदूळ घ्यायचा, असं तिनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. पंपवाल्याला गाविनोनं उत्सवापर्यंत थांबवलं.

उत्सवाच्या दिवशी काय ती घाई! अंगणात डुक्कर भाजलं जात होतं, बँडवाले आधीच जेवायला मागत होते, फ्रासिंगला चार जणी चार बाजूंनी हाका मारत होत्या. अकरा वर्षांनी तो तांदूळ माझ्यात पडला. मी आवाजावरून ओळखला. तिनं तो तीनदा धुतला, सपाट केला, मान दुसरीकडे वळवून कुणाला तरी ओरडली आणि बोट टेकवलं. पाणी अर्ध्या पेराला आलं. मी म्हटलं, थांब. पाणी पेराला आलं, तेव्हा कुठे ती थांबली.

मी डुगडुगलो, झाकण आपटलं, चुलीत पाणी उतू जाऊ दिलं. "आज फारच अंगात आलंय ह्याच्या," म्हणत तिनं झाकणावर दगड ठेवला. टोपाचं तोंड मोठं असतं मित्रांनो, पण त्याला जीभ नसते.

दगड काढला तेव्हा आत नुसता गिचका होता.

"मनांग, गावात कुणाचं पोट बिघडलंय का? पेज केलीत ती?" बँडवाला म्हणाला आणि पंगत हसली. कप्तानांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "परदेशी भात निदान चमचा तरी सोडतो," ते म्हणाले.

गाविनो उभा राहिला. "माझ्याच तांदळात दम नाही. माफ करा सगळ्यांनी," म्हणाला आणि निघून गेला. फ्रासिंग तिथेच उभी होती. गिचका पाहताच पाणी जास्त झाल्याचं तिला कळलं होतं. तिच्या बोटाची अब्रू की भावाचं शेत, एवढाच प्रश्न होता, आणि ती गप्प राहिली. मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही.

पंगती उठल्यावर ती मला घासायला बसली. बुडाशी खरवड धरली होती. तिनं तुकडा काढून तोंडात टाकला आणि हात थांबला. तीच ती जुनी चव. ती स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली आणि मग माझ्या काठावर डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानांच्या कचेरीत शेतविक्रीच्या कागदावर सही होणार होती. फ्रासिंगनं मला उजाडता उजाडता चुलीवर चढवलं. ह्या वेळी बोट टेकवताना तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. अर्धं पेर. भात उतरवला, मला पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि तीनचाकीत बसून तिनं ड्रायव्हरचा जीव खाल्ला. "हाक ना रे! बैल जुंपलाय का ह्याला?"

कचेरीत गाविनो पेन हातात धरून बसला होता. पंपवाला बोट ठेवून सहीची जागा दाखवत होता. फ्रासिंग आत घुसली, तिनं माझ्यावरचं पोतं ओढलं आणि मला टेबलावर, त्या कागदांवरच दाणकन ठेवलं.

"मनांग!" गाविनो ओरडला.

"गप्प बस, अडिंग, धाकट्या. काल तू बोललास, आज मी बोलते." दाराशी कालचे बँडवाले डोकावत होते, तिनं त्यांनाही आत बोलावलं. "कालचा गिचका तांदळानं केला नाही. ह्या बोटानं केला. नव्या तांदळाला मी जुन्याचं पाणी घातलं. कळल्यावरही लाजेपायी गप्प बसले. हसायचं तर मला हसा. आणि आता जेवा."

कप्तानांनी खाल्लं. बँडवाल्यानं खाल्लं आणि विचारलं, "खरवड आहे का?" गाविनोनं एकच घास घेतला आणि तो बराच वेळ चावला.

पंपवाल्यानं मला बाजूला सारलं. माझ्या बुडाची काजळी कागदावर उमटली होती, सहीच्या जागेवरच काळं कडं. "काही हरकत नाही, दुसरा छापून आणतो," तो म्हणाला.

"छापा," गाविनो म्हणाला आणि उठला.

"कुठं निघालास?" फ्रासिंगनं विचारलं.

"बी भिजत घालायला."

शाळेचं अजून पक्कं नाही. कप्तानांनी एक महिना घेऊन बघू म्हटलंय. खानावळीत दोन्ही पोती शेजारी शेजारी उभी आहेत, आणि मित्रांनो, मी कुणाला काय शिजवा ते सांगणारा कोण? एवढंच मागतो. नवा तांदूळ घरी आला तर तो कुठल्या शेतातला, ते विचारा. भात बिघडला तर तांदळाला नावं ठेवण्याआधी आपलं बोट बघा. आणि चूक आपली असेल तर तोंड उघडा, तुम्हाला जीभ आहे.

रोज पहाटे फ्रासिंग एखादं पोतं सोडते. कोणतं, ते पहिला दाणा पडेपर्यंत मला कळत नाही. तोवर मी डुगडुगत असतो.