मांजरांची जेवणवेळ

धनगराच्या वाड्याबरोबर कुत्री हिंडतात, कोंबड्या हिंडतात, काल जन्मलेली कोकरंसुद्धा घोड्याच्या पाठीवरून हिंडतात. मांजर हिंडत नाही. दिवाळी झाली आणि आटपाडीकडचं रान वाळलं की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, आणि मांजर गावातल्या म्हाताऱ्यांच्या हवाली करून यायचं, अशी आज्यापणज्यांपासूनची रीत. वाडा म्हणजे तरी काय, चार बिऱ्हाडं, शे-दोनशे मेंढरं आणि वर आभाळ. आज या रानात, चार दिवसांनी त्या रानात. त्यात मांजर टिकायचं कसं?

ही रीत मोडली मनूने. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ती डालग्यात, कोंबड्या ठेवायच्या झाकणाच्या टोपलीत, एक मांजरी घालून वाड्याबरोबर निघाली. चांदी तिचं नाव. पुढच्या वर्षी चांदी होती, तिची भुरी लेक होती आणि एक दांडग्या मिशांचा बोका होता. त्या मिशा बघून मनूच्या नवऱ्याने, सिद्धूने, त्याचं नाव फौजदार ठेवलं.

मनूचं सगळं कसब मांजरांच्या जेवणवेळेत होतं. घड्याळ वाड्यात कुणाकडेच नव्हतं, आणि असतं तरी ते वाचणारं कुणी नव्हतं. पण सकाळी शेरडांची धार काढून झाली की एक वेळ, आणि सांजेला मेंढरं परतून रात्री कोंडायच्या वाघरीच्या जाळ्यात शिरली की दुसरी. पितळीत बाजरीची भाकरी कुस्करायची, वर शेरडाचं धारोष्ण दूध ओतायचं, आणि उलथण्याने पितळीच्या काठावर टण् टण् टण्. जिथं असतील तिथून तिघं शेपट्या उभारून यायची. वाडा हलवायचा असला की मनू पितळी डालग्यातच ठेवायची. मांजरं जेवायला आत शिरली की वरून झाकण, आणि डालगं घोड्यावर. सांजेला नव्या रानात पुन्हा टण् टण्. रान बदलायचं, वेळ बदलायची नाही. मांजरांनी त्या वेळेलाच आपलं घर मानलं होतं.

बायका हसायच्या. "मने, आमाला बी वाजीव की गं पितळी! आमी बी शेपटी वर करून येतो."

"तुमाला मिशा कुठं हायती?" मनू म्हणायची.

सासू, बयाबाई, हसायची नाही. ती तीन दगडांच्या चुलीपुढून नुसती बोलायची, "माणसाच्या पोटाला वेळ न्हाई, आन् मांजरांच्या पंगती उठत्यात." यंदा बाजरीच्या पोत्याला एकही भोक पडलं नव्हतं आणि लोकरीची वळकटी कुरतडली गेली नव्हती, हे तिला दिसत होतं. पण दिसलं म्हणून लगेच बोललंच पाहिजे, असा काही नेम नसतो.

ते लढाईचं साल होतं. रॉकेल मिळत नव्हतं. त्यात बेचाळीसपासून कृष्णाकाठची तरणी पोरं सरकारविरुद्ध उठून भूमिगत झाली होती आणि त्यांच्या मागावर पोलीस उसाचे फड पिंजून काढत होते. वाडा तेव्हा नानासो नावाच्या ऊसवाल्या शेतकऱ्याच्या रानात बसला होता. पुरुष मेंढरं घेऊन चारायला लांब गेलेले. ऐन दुपारी नानासो धोतराचा सोगा धरून पळत आले.

"बयाबाई, बिऱ्हाड उचला! पोलीस येत्यात. ऊस चाळणार हायती. तुमी हितं दिसलासा तर म्हणतील, ह्यांनीच कुणाला तरी भाकरी पुरवल्या."

बिऱ्हाड हलवणं हे बायकांचंच काम, त्याला पुरुषांची वाट बघावी लागत नाही. घोडी भरली जाऊ लागली. मनूने पितळी काढली, भाकरी कुस्करली आणि वाजवली. मांजरं आली नाहीत. फडाच्या कडेकडेने वाजवत गेली. पानही हललं नाही. मांजरं उसाच्या गारव्यात कुठंतरी निवांत झोपली होती, आणि अवेळी वाजणाऱ्या पितळीवर विश्वास ठेवायला तिनेच त्यांना शिकवलं नव्हतं.

"चल," बयाबाई म्हणाली. "वाडा आजवर माणसासाठी थांबला न्हाई."

मनूने रिकामं डालगं घोड्यावर बांधलं. दोन कोस चालून माळावर बिऱ्हाड उतरलं. दगड मांडले, पाणी आणलं. मग ऊन कलल्यावर तिने शेरडाची धार काढली, दूध चरवीत घेतलं, भाकरी फडक्यात बांधली आणि डालगं डोक्यावर घेतलं.

"कुठं?" बयाबाईने विचारलं.

"मांजरांची वेळ व्हायला आलीया, आत्याबाई."

"तिथं पोलीस असतील."

"असू द्यात. पोलिसांनी काय मांजरं जेवायला घातली न्हाईत."

 बयाबाई पदर खोचून उठली. "थांब. एकल्या बाईला मी जाऊ द्यायची न्हाई. मांजरांसाठी येत न्हाई मी, आधीच सांगते. तुझ्यासाठी येतीया."

वाटेत चरवी मात्र तिनेच घेतली, आणि एक थेंब सांडू दिला नाही.

सोडलेल्या जागेवर चुलीचे तीन दगड आणि लेंड्यांचा सडा, एवढंच उरलं होतं. शेजारच्या बाभळीखाली एक हवालदार आणि दोन शिपाई बसले होते. दुपारभर ऊस पिंजून हाती काही लागलं नव्हतं, त्यामुळे तिघांची तोंडं कडू झाली होती. त्यात सांज धरून दोन बाया दूध-भाकरी घेऊन ओसाड रानात शिरताना दिसल्या.

"ए, थांबा! काय हाय त्यात?"

"दूध हाय, सायेब," मनू म्हणाली.

"आन् फडक्यात?"

"भाकरी."

हवालदार उठून उभा राहिला. "कुणाला?"

"मांजरांना."

शिपाई हसले. हवालदार हसला नाही. "उसातल्या मांजरांना व्हय? किती पायांची मांजरं ती? दोन का चार?"

"चारच की, सायेब," बयाबाई म्हणाली. "आली की मोजून घ्या."

"म्हातारे, जीभ आवर. असल्या ओसाड रानात मांजरांसाठी दूध आणतंय व्हय कुणी? बोलीव तुझी मांजरं. न्हाई आली तर दोघींना चावडीवर नेतो. मग सांगा तिथं, कुणाच्या पोटाची काळजी हाय ती."

मनूने डालगं चुलीच्या दगडांजवळ ठेवलं. आत पितळी ठेवली. भाकरी कुस्करली, दूध ओतलं, उलथणं हातात घेतलं. आणि सूर्याकडे बघत बसून राहिली.

"वाजीव की!"

"वेळ व्हायचीय, सायेब."

"वेळ?"

"जेवायची. मेंढरं परतायची वेळ व्हायला पायजे. अजून जरा दीस हाय."

बयाबाईने तिला असा चिमटा काढला की पुढे दोन दिवस तो वण राहिला. "वाजीव गं बाई," ती दातांतून पुटपुटली, "चावडीवर काय पंगत बसलीया व्हय आपली?"

मनू हलली नाही. दुपारी घाई करून ती एकदा फसली होती. पोलिसासाठी म्हणून मांजरांची वेळ पुढं-मागं करायची, हे तिला जमणारं नव्हतं. हवालदारही काय करणार? दोन बाया, एक पितळी आणि कुस्करलेली भाकरी. तोही त्या सूर्याकडेच बघायला लागला. 

ऊन उसाच्या तुऱ्यांवरून उतरलं. रोज याच वेळेला मेंढरांची धूळ दिसायची. मनूने पितळीचा काठ वाजवला. टण् टण् टण्.

काहीच नाही. हवालदाराने काठी उचलली.

मग फडाच्या कडेला पाचट वाजलं. एक शिपाई ताडकन उठला. उसातून आधी एक पांढरी शेपटी निघाली, सरळ उभी, आणि तिच्याखाली चांदी. मागोमाग भुरी. दोघी पोलिसांच्या मधून, त्यांच्या बुटांना अंग घासत आल्या आणि डालग्यात शिरल्या.

"आता तिसरं," मनू म्हणाली. एवढं बोलून ती घुटमळली. पोलिसांसमोर बोक्याला नावानं हाक कशी मारावी?

बयाबाईला कसलाच संकोच नव्हता. तोंडापुढे हात धरून तिने हाळी दिली, "फौजदाऽऽर! ये रं बाबा, जेवून घे!"

दोघं शिपाई टोप्या सावरत रस्त्याकडे बघायला लागले. उसातून आळस देत बोका बाहेर आला. त्याच्या मिशा बघितल्या आणि हवालदाराला हसू आवरेना. खाली बसून तो डोळे पुसेपर्यंत हसला.

"चारच पाय हायती," शेवटी तो म्हणाला. "जावा, म्हातारे. अंधार पडायच्या आत जावा. आन् पोरी, ही असली वेळ ह्यांना शिकवली कुणी?"

मनू तोंड उघडणार तोच बयाबाई पुढे झाली. "आमच्या सुनेनं, सायेब. अख्ख्या कृष्णाकाठाला आसं कुणाला जमायचं न्हाई. तुमी घड्याळं बांधून हिंडताय, पर तुमची माणसं बी हाकंला अशी येत नसतील."

परतीच्या वाटेवर डालगं बयाबाईच्या डोक्यावर होतं. मनूने मागितलं, तिने दिलं नाही. माळावर पोचेपर्यंत पुरुष आले होते, आणि बयाबाईने झालेली हकिगत अशी काही सांगितली की पोलिसांची संख्या तीनवरून दहावर गेली. मनूने दुरुस्ती केली नाही. पण हवालदारापुढे आपण थांबून राहिलो, हे सासूने दोनदा सांगितलं तेव्हा ती चुलीतला जाळ उगाचच पुढे सारत राहिली. चेहरा तापला होता, तो काही नुसत्या जाळाने नव्हे.

तिसऱ्या दिवशी वाडा पुन्हा हलायचा होता. वाड्याचा कारभारी म्हणजे मनूचा सासरा, अर्जुना. त्याचा शब्द झाला की घोडं चालू लागायचं. तो दोरी धरून उभा राहिला. "चला, दीस वर आला."

"थांबा जरा," बयाबाई म्हणाली.

"कशासाठी?"

"मांजरं जेवायची हायती."

अर्जुनाने बायकोकडे बघितलं, मग डालग्याकडे, मग मागे भरून उभ्या असलेल्या चारही बिऱ्हाडांच्या घोड्यांकडे. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. त्याने दोरी हाताला गुंडाळली आणि तो दगडावर टेकला.

"जेवू द्या मग."

सगळा वाडा थांबला. मनूने भाकरी अजून बारीक कुस्करायला घेतली.